काचेआडचे बंडखोर

आमच्या घरी काचेच्या दारांचे एक सागवानी कपाट आहे. दागिन्यांच्या कपाटाची किल्ली पुष्कळदा कुलपातच लोंबकळत असते. या कपाटाची किल्ली मात्र गेली वीस वर्षे माझ्या पाकिटातून हललेली नाही. आत पुस्तके आहेत; मोजून त्रेचाळीस. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी घर झाडताना पत्नीने काच पुसता पुसता सहज विचारले, "का हो, ही पुस्तकं कुणी वाचतं का?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधे होते, आणि म्हणूनच मी ते दिले नाही. "काच तेवढी पूस, दार उघडू नकोस," असे काहीसे पुटपुटून मी वर्तमानपत्रात तोंड लपविले. परंतु तो प्रश्न त्या दिवाळीच्या पणत्यांबरोबर विझला नाही. पुढे दोन वर्षे तो माझ्या मनात रेंगाळत राहिला, आणि गेल्या पावसाळ्यात त्याचे उत्तर मला द्यावेच लागले. ती हकीकत सांगावयाची तर आधी कपाटातील मंडळींची ओळख करून दिली पाहिजे.

छंदाच्या बाबतीत मनुष्य सहसा आपल्या स्वभावाला धरून असतो. काटकसरी मनुष्य जुनी नाणी जमवितो. प्रवासाची हौस असून रजा न मिळणारा देशोदेशींची तिकिटे जमवितो. माझा छंद मात्र माझ्या स्वभावाशी उघड उघड विसंगत आहे. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो. आजवर कधी रांग मोडलेली नाही, प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीत भरावयाचे कधी चुकलेले नाही, आणि प्राचार्यांच्या खोलीत शिरताना अजूनही माझा हात नकळत सदऱ्याच्या वरच्या गुंडीकडे जातो. अशा मनुष्याने पुस्तके जमवावीत ती कोणाची? तर ज्यांनी नोकरी, घरदार, युद्ध, पैसा आणि प्रतिष्ठा या सर्वांशी उभा दावा मांडला, त्या अमेरिकन लेखकांची! दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुखवस्तू अमेरिकेत 'बीट' या नावाने ओळखली गेलेली गिन्सबर्ग, केरुआक, बरोज यांची पिढी. आणि तिच्या पाठोपाठ १९६० नंतरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर केसांत फुले माळून हिंडणाऱ्या तरुणांचे लेखक. रूढ संस्कृतीसमोर प्रतिसंस्कृती उभी करू पाहणारे हे लोक. त्यांची पुस्तके, आणि तीही नुसती नव्हेत, तर त्यांनी स्वहस्ते सही केलेली, हे माझे व्यसन.

या व्यसनाचे मूळ शोधू गेल्यास ते माझ्या मामांपाशी जाऊन पोहोचते. मामा गिरगावात राहत, एका विमा कचेरीत कारकुनी करीत, आणि संध्याकाळी फोर्टातील फूटपाथवर जुनी पुस्तके चाळीत. १९६२ साली अ‍ॅलन गिन्सबर्ग मुंबईस उतरला आणि पुढे वर्षाहून अधिक काळ कलकत्ता, काशी असा या देशात हिंडत राहिला. त्या दिवसांची त्याची रोजनिशी १९७० साली पुस्तकरूपाने निघाली. मराठीतही तो काळ नव्या लेखकांनी स्वतःची छोटी नियतकालिके काढण्याचा होता. 'शब्द' १९५४ साली सुरू झाले होते. अशोक शहाणे यांचे 'असो' १९६३ साली निघाले. कोणी सायक्लोस्टाइलवर अंक काढी, कोणी मिळेल त्या कागदावर. पुढचा अंक केव्हा निघेल याचा नेम नसे, आणि म्हणूनच त्यांना अनियतकालिके हे नाव पडले. मामा त्या मंडळींपैकी कोणी नव्हते. ते केवळ वाचक होते. परंतु वाचकालाही एक धर्म असतो, आणि तो ते निष्ठेने पाळीत.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मामांनी तो लागलीच विकत घेतला. मी महाविद्यालयात जाऊ लागलो तेव्हा त्यांनी ती प्रत माझ्या हाती ठेवली. बांधणी सैल झालेली, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा, एका पानावर चहाच्या पेल्याचे तपकिरी वर्तुळ. मी मोठ्या उत्साहाने विचारले, "मामा, तुम्ही यावर त्यांची सही का नाही घेतली?"

मामा हसून म्हणाले, "अरे, वाचायच्या आधी मागायला लाज वाटली असती, आणि वाचल्यावर मागायचं सुचलंच नाही."

मला ते उत्तर त्या वयात भाबडे वाटले. मोठ्या माणसाच्या हाताचा स्पर्श ज्या कागदाला झाला आहे तो कागद आपल्यापाशी असावा, ही इच्छा मला अत्यंत स्वाभाविक वाटत होती. पुढे नोकरी लागली, हाती थोडा पैसा आला, आणि मामांना जे सुचले नाही ते मला सुचू लागले.

जुन्या पुस्तकांच्या व्यापाराचे स्वतःचे एक शास्त्र आहे, आणि ते शिकण्यात मी जितकी वर्षे घालविली तितक्यात एखादी नवी भाषा सहज आली असती. पुस्तक पहिल्या आवृत्तीचे आहे काय. त्यातही पहिल्या छपाईचे आहे काय. वरचे कागदी वेष्टन शाबूत आहे काय. सही नुसती आहे की कोणाचे नाव घालून केलेली आहे. आणि ते नाव जर लेखकाच्या एखाद्या प्रसिद्ध मित्राचे असेल, तर मग किमतीला सीमा नाही. याच शास्त्राचा एक नियम असा की, लेखक सही करण्यात जितका उदार तितकी त्याची सही स्वस्त. गिन्सबर्ग या बाबतीत कर्णाचा अवतार होता. समोर येईल त्याच्या पुस्तकावर तो सही करी, आणि नुसती सही करून न थांबता तिच्याभोवती फुले, बुद्ध, चांदण्या असे काहीबाही रेखाटीत बसे. उलट जॅक केरुआक १९६९ साली, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला; त्याच्या सहीची पुस्तके मुळातच थोडी. त्याने १९५१ साली तीन आठवड्यांत, कागद एकमेकांस चिकटवून केलेल्या सुमारे १२० फूट लांबीच्या गुंडाळीवर 'ऑन द रोड' ही कादंबरी टंकलिखित केली. ती गुंडाळी २००१ साली लिलावात सुमारे २४ लाख डॉलरना गेली. खिशात पुरते पैसे नसताना वाटेत भेटेल त्याच्या मोटारीतून देशभर भटकण्याची ती कथा!

अशी विसंगती एकदा नजरेस पडू लागली की ती सर्वत्र दिसते. विल्यम बरोजचे पहिले पुस्तक 'जंकी' हे १९५३ साली 'विल्यम ली' या टोपणनावाने निघाले. किंमत ३५ सेंट. एका अफूबाजाची ती कबुली. आणि प्रकाशकाने सावधगिरी म्हणून तिच्या पाठीला पाठ लावून, एकाच बांधणीत, अमली पदार्थांच्या खात्यातील एका अंमलदाराच्या आठवणी छापल्या होत्या. स्टेशनावर घ्यावे, गाडीत वाचावे आणि उतरताना बाकावर टाकून द्यावे, अशा जातीचे ते पुस्तक. लोकांनी तसे ते टाकले, म्हणूनच आज त्याची धड प्रत मिळणे कठीण झाले आहे. अ‍ॅबी हॉफमनच्या १९७१ च्या पुस्तकाचे तर नावच मुळी 'हे पुस्तक चोरा' या अर्थाचे. अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर त्याने ते स्वतःच काढले. कित्येक दुकानदारांनी भीतीने ते मांडावयाचे नाकारले. आज त्याची सहीची प्रत दुकानात असलीच, तर ती कुलपात असते.

परंतु माझ्या मनात सर्वांत खोल रुतून बसले आहे ते रिचर्ड ब्रॉटिगनचे १९६८ चे एक पुस्तक. त्याला पुस्तक तरी कसे म्हणावे? घडीचे एक पाकीट, आणि त्यात बियांच्या आठ पुड्या. चार फुलांच्या, चार भाज्यांच्या. प्रत्येक पुडीच्या एका बाजूस कविता आणि दुसऱ्या बाजूस बी कसे पेरावे याच्या सूचना. डेझी, गाजर, सॅलडची पाने, अजमोद्याची भाजी असा तो बगीचा. नाव, 'कृपा करून हे पुस्तक पेरा' अशा अर्थाचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर ते फुकट वाटले गेले. ज्यांनी कवीचे ऐकले, त्यांनी पुड्या फोडल्या, बी पेरले, गाजरे खाल्ली, आणि त्यांच्या प्रती मातीत गेल्या. ज्यांनी ऐकले नाही, त्यांच्या प्रती आज मोलाच्या ठरल्या आहेत. आठही पुड्या न फोडलेल्या असल्या तर अधिकच. माझ्यापाशी हे पुस्तक नाही. परंतु ते मिळते तर मी पुड्या फोडल्या असत्या काय? या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मला भूषणावह नाही.

या व्यापारात मी फसलोही आहे. एका विक्रेत्याकडून मी केरुआकच्या सहीची म्हणून 'ऑन द रोड'ची एक साधी कागदी बांधणीची प्रत टपालाने मागविली. किंमत इतकी माफक होती की तेथेच मला शंका यावयास हवी होती. परंतु लोभ आणि शंका एका मनात नांदत नाहीत. आठ दिवस मी ती सही निरनिराळ्या प्रकाशात न्याहाळली. नवव्या दिवशी, काही कारण नसता, आतील छपाईचा मजकूर असलेले पान वाचले. पुस्तक १९७२ साली छापलेले होते! म्हणजे लेखकाने मृत्यूनंतर तीन वर्षांनी ही सही केली असली पाहिजे. आठ दिवसांत मी सही हजार वेळा पाहिली आणि पुस्तकाचे एक पान पाहिले नाही, याची मला त्या वेळी पैशांइतकीसुद्धा लाज वाटली नाही. ती प्रत अजून कपाटात आहे. त्रेचाळिसांत मी ती धरतो. पत्नीला तिची कथा सांगितलेली नाही.

आता मुख्य पुस्तकाकडे वळतो. माझी धाकटी बहीण अमेरिकेत फ्रीमाँट येथे असते. २००४ च्या उन्हाळी सुटीत मी तिच्याकडे महिनाभर राहिलो. सॅन फ्रान्सिस्को तेथून तासाभराच्या वाटेवर. कोलंबस मार्गावरील 'सिटी लाइट्स' हे दुकान पाहिल्याशिवाय परतावयाचे नाही, असा माझा निश्चय होता. कवी लॉरेन्स फर्लिंगेटी आणि पीटर मार्टिन यांनी १९५३ साली, प्रत्येकी ५०० डॉलर घालून, हे दुकान काढले. पुठ्ठ्याच्या बांधणीची महाग पुस्तके न ठेवता केवळ कागदी बांधणीची स्वस्त पुस्तके विकावयाची, हा त्यांचा बाणा. दोन वर्षांनी फर्लिंगेटीने खिशात मावतील अशा कवितासंग्रहांची माला सुरू केली. तिचे चौथे पुष्प म्हणजे गिन्सबर्गचे 'हाउल'. १९५६ साली, लंडनमधील एका छापखान्यात छापलेले. पहिल्या छपाईच्या प्रती १०००. किंमत ७५ सेंट. त्यातील मुख्य कविता त्याआधी वर्षभर, १९५५ च्या ऑक्टोबरात, त्याच शहरातील 'सिक्स गॅलरी'त कवीने अर्धीमुर्धी मोठ्याने वाचून दाखविली होती. लोकांनी ती आधी ऐकली, मग वाचली.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. १९५७ च्या मार्चमध्ये जकात अधिकाऱ्यांनी दुसऱ्या छपाईच्या ५२० प्रती अश्लील म्हणून अडकवून ठेवल्या. जूनमध्ये साध्या वेषातील पोलिसाला पुस्तक विकल्याबद्दल दुकानातील व्यवस्थापक शिगेयोशी मुराओ यास अटक झाली. फर्लिंगेटीवरही खटला भरला गेला. ऑक्टोबरात न्यायमूर्ती क्लेटन हॉर्न यांनी निकाल दिला की, ज्या लेखनात समाजाच्या दृष्टीने काही मोल आहे ते अश्लील म्हणता येत नाही. त्या निकालाने पुस्तक सुटले, आणि त्याच्यामागून इतर कित्येक पुस्तकांची वाट मोकळी झाली. फर्लिंगेटी पुढे १०१ वर्षांचा होऊन २०२१ साली वारला. मी गेलो त्या दिवशी तो दुकानात नव्हता. वरच्या मजल्यावर कवितांची खोली आहे. तेथे खुर्ची मांडलेली, आणि भिंतीवर 'बसा, वाचा' अशा आशयाची हाताने रंगविलेली पाटी. मी त्या खुर्चीचे छायाचित्र घेतले. तिच्यावर बसलो मात्र नाही. मला घाई होती. शहरातील दुसऱ्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'हाउल'ची सहीची प्रत आहे, असे मला कोणी सांगितले होते.

ती मला मिळाली. नंतरच्या एका छपाईची, काळ्या-पांढऱ्या मुखपृष्ठाची, तळहाताएवढी. आत गिन्सबर्गची सही, एक फूल, आणि एका स्त्रीचे नाव. दीडशे डॉलर मोजले. माझ्या तेव्हाच्या पगाराचा जवळजवळ अर्धा महिना. विमानात ती मी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती, आणि तेवढे सोळा-सतरा तासच काय ते ते पुस्तक आपल्या हक्काच्या जागी राहिले. घरी आल्यावर ते कपाटात गेले.

कधी कधी रात्री कपाटापुढे उभा राहून मी त्या अनोळखी स्त्रीचा विचार करीत असे. कवीने फूल काढले ते तिच्यासाठी. ती वारली असेल काय? तिला पैशाची अडचण पडली असेल, की तिच्या मुलांनी घर आवरताना खोक्यात भरून विकले असेल? सही म्हणजे एका हाताने दुसऱ्या हातास दिलेला निरोप. आणि मी तो मध्येच विकत घेतलेला तिसरा हात. हा विचार मनात आला की मी दिवा मालवून निजावयास जात असे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एक विद्यार्थी माझ्याकडे आला. कर्जतच्या पुढल्या गावचा, मराठी शाळेत शिकलेला. रोज दीड-दोन तास लोकलने येणारा. ढसाळ आणि गिन्सबर्ग यांच्यावर त्याला निबंध लिहावयाचा होता. मी वर्गात माझ्या प्रतीविषयी बोललो होतो. जमविणाऱ्याला जमविलेले सांगितल्यावाचून राहवत नाही.

"सर, ते पुस्तक चार दिवस वाचायला मिळेल का? लोकलमध्ये वाचीन. खिशात मावतं म्हणाला होतात तुम्ही."

मी म्हणालो, "ते फार जुनं आहे रे. तुला झेरॉक्स काढून देतो."

त्याने मान डोलावली, आभार मानले, आणि पन्नासएक पानांची ती झेरॉक्स घेऊन गेला. मी एक अडचण टाळल्याचे समाधान मानले.

पंधरा दिवसांनी तो परत आला. झेरॉक्सची चार घड्यांची पुरचुंडी झाली होती. कडा पावसाने भिजून वाळलेल्या. समासात निळ्या शाईने मराठी शब्द लिहिलेले होते. काही खोडून पुन्हा लिहिलेले. ते पाहून मला मामांच्या पेन्सिलीची आठवण झाली. तो म्हणाला, "सर, प्रस्तावनेसारखं कुठेतरी वाचलं की याची एकेक ओळ एका श्वासात म्हणायची. मी म्हणून पाहिलं. पहाटेच्या गाडीत दारापाशी उभा राहून. काही ओळींना दम पुरतच नाही. तुम्ही म्हणता तेव्हा कुठे थांबता?"

मी काय सांगणार? वीस वर्षे ती कविता माझ्या घरात होती. वर्गात मी तिच्यावर व्याख्याने दिली. तिच्या खटल्याच्या तारखा मला मुखोद्गत होत्या. परंतु ती मी एकदाही मोठ्याने म्हटलेली नव्हती. पहिल्याने ऐकविली गेली ती कविता, आणि मी ती कधी ऐकलीच नव्हती. मी काहीतरी छंदाविषयी, व्हिटमनविषयी बोललो. मुलगा सभ्य होता. त्याने पुन्हा विचारले नाही.

त्याने दुसरे विचारले. "सर, अर्पणपत्रिकेत तीन नावं आहेत. तुम्ही म्हणाला होतात, पहिल्या छपाईत चौथं होतं."

ते मी मोठ्या अभिमानाने सांगितले होते. पहिल्या छपाईच्या अर्पणपत्रिकेत केरुआक, बरोज, कॅसडी यांच्याबरोबर ल्यूशियन कार याचेही नाव होते. हा त्यांचा तरुणपणीचा मित्र. १९४४ साली त्याच्या हातून एका मनुष्याची हत्या घडली होती; दोन वर्षे शिक्षा भोगून तो बाहेर आला, वृत्तसंस्थेत नोकरीला लागला, आणि आपले नाव पुन्हा चारचौघांत निघू नये एवढीच त्याची इच्छा होती. 'हाउल' निघाले तेव्हा त्याने नाव काढून टाकण्याची विनंती केली. पुढल्या छपाईपासून ते गेले. ज्या प्रतीत चौथे नाव आहे ती पहिल्या छपाईची, ही जमविणाऱ्यांची एक खूण.

"आणि ती प्रत जास्त महाग?"

"पुष्कळ पटींनी."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तो माणूस नको नको म्हणत होता, ते ज्याच्यात आहे ती."

यात त्याचा मला टोचण्याचा हेतू मुळीच नव्हता. तो आपल्याशीच बोलल्यासारखा बोलला. परंतु ही गोष्ट मी तीस वर्षे लोकांना मौजेची म्हणून सांगत आलो होतो, आणि तीत एक दुखावलेला मनुष्य आहे हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. पुस्तकांच्या किमती ठाऊक असणे आणि पुस्तके ठाऊक असणे यांत किती अंतर आहे, हे माझ्याहून तीस-पस्तीस वर्षांनी लहान मुलाच्या तोंडून मला कळले. त्याला ते अंतर दाखवावयाचेही नव्हते, हे विशेष.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी कपाट उघडले, 'हाउल' काढले, गच्चीवर गेलो, आणि पाऊस थांबलेला पाहून मोठ्याने वाचू लागलो. शेजारच्या गच्चीवरील बाईंनी घाईघाईने वाळत घातलेले कपडे काढून नेले. माझाही दम पुरला नाही. तिसऱ्या पानाशी घसा कोरडा पडला. परंतु मुलगा म्हणत होता ते खरे होते. कोठे थांबावे हे डोळ्यांना कळत नाही, छातीला कळते.

दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक त्याच्या हाती दिले. झेरॉक्स नव्हे; तेच. त्याने पान उलटले, सही पाहिली, फूल पाहिले, आणि तो घाबरला. "सर, हे नको. गर्दीत काही झालं तर?"

"होऊ दे," मी म्हणालो. वाचकांशी खोटे कशाला बोलू? 'होऊ दे' म्हणताना माझा आवाज कापला, आणि तो मुलगा जिना उतरेपर्यंत मी त्याच्या खिशाकडे पाहत होतो.

वाचक म्हणतील, एका पुस्तकाने काय झाले? बेचाळीस अजून कुलपातच आहेत ना? आहेत. मी काही रातोरात विरक्त झालेलो नाही. जपणुकीची निंदा करण्याचाही माझा हेतू नाही. कोणी जपले नसते तर अनियतकालिकांचे कितीतरी अंक आज पाहावयासही मिळाले नसते. खुद्द गिन्सबर्गने आपली पत्रे, टिपणे, चिठ्ठ्याचपाट्या आयुष्यभर सांभाळल्या, आणि १९९४ साली तो संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठास सुमारे दहा लाख डॉलरना दिला. तेथे तो वाचकांसाठी आहे. जपावे, परंतु कोणासाठी, एवढेच मला विचारावयाचे आहे. आणि तेही इतरांना नव्हे.

पुस्तक गेले त्याला आता पाच महिने होत आले. मुलाचा निबंध पूर्ण झाला, चांगला झाला. पुस्तक परत आलेले नाही. मी त्याला आठवण दिलेली नाही असे लिहिणार होतो, पण दोनदा दिली आहे. पहिल्या वेळी ते त्याच्या मित्राकडे होते. दुसऱ्या वेळी त्या मित्राच्या बहिणीकडे, आणि ती ते अंबरनाथला घेऊन गेली होती. तिसऱ्यांदा विचारावयाचे नाही असे मी ठरविले आहे. किती दिवस टिकते पाहू.

कपाटात त्या जागी फट पडली होती. दुसऱ्या फळीवर मागे पडलेला मामांचा 'गोलपिठा' मी तेथे आणून ठेवला आहे. त्यावर सही नाही, आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्या चहाच्या डागाला कोणी दोन रुपयेही देणार नाही. परवा पत्नी काच पुसत होती. तिने फळीकडे पाहिले आणि म्हणाली, "इथलं ते छोटं पुस्तक कुठे गेलं हो?"

"वाचायला दिलंय," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. तिने दार उघडले, आतून काच पुसली, आणि किल्ली कुलपातच राहू दिली.